आबा, तो हिरा रुळावरच्या माणसाला सापडला होता

विंडहुक, नामिबिया

ती. आबा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

पिंके, हे पत्र आबांना वाचून दाखवताना जरा मोठ्यानं वाच आणि नावं आली की थांबत जा, इथली नावं बरीचशी जर्मन आहेत, एकदम कानात शिरत नाहीत. फोनवर मी हे सांगायला घेतलं होतं पण आबांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मग ते नुसतं हं हं करत राहतात, म्हणून म्हटलं सगळं टाइप करूनच पाठवावं. मोठं झालंय पत्र, एका बैठकीत नाही संपलं तरी चालेल.

आई, तू ते वाळूनं भरलेल्या घरांचे फोटो बघून विचारलंस ना, की एवढी चांगली घरं आणि माणसं कुठं गेली, रोगराई आली होती का काय. त्याचंच उत्तर लिहितोय. पण खरं सांगायचं तर हे आबांसाठी जास्त आहे, कारण त्या गावाची सुरुवात रेल्वेच्या रुळावर झाली आणि ती ज्याच्या हातून झाली तो माणूस आबांसारखाच लाइनवर काम करणारा होता. तिथं उभा होतो तेव्हा सारखं वाटत होतं आबा बरोबर पाहिजे होते.

गावाचं नाव कोलमन्स्कॉप. विंडहुकपासून आठशे किलोमीटरच्या वर पडतं, आधी सरळ दक्षिणेला कीटमान्सहूपपर्यंत जायचं आणि तिथून समुद्राकडे वळायचं. जोडून सुट्टी आली म्हणून आम्ही हिऱ्याच्या कारखान्यातली पोरं गाडी करून गेलो. आउस नावाचं छोटं गाव मागं पडलं की नामिबचं वाळवंट चालू होतं, तिथून पुढं शंभर किलोमीटरच्या वर ना झाड ना वस्ती ना पाणी, शेवटी एकदम अटलांटिक समुद्र आणि काठावर ल्युडरिट्झ नावाचं बंदर. बंदराच्या दहाएक किलोमीटर अलीकडे कोलमन्स्कॉप. रस्त्याच्या कडेनं रेल्वेलाइन सोबत असते, आबा, साडेतीन फुटी गेज आहे, १०६७ मिलिमीटर, आपल्या ब्रॉडगेजपुढं अगदी अरुंद दिसते. बाकीची पोरं वाळूच्या टेकड्यांचे फोटो काढत होती आणि मी रूळ बघत होतो.

ही लाइन का टाकली ते आधी सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं सगळं खोटं वाटेल. त्या वेळी हा देश जर्मनांच्या ताब्यात होता. १९०४ साली उत्तरेकडच्या हेरेरो लोकांनी उठाव केला, त्याच वर्षी पुढं दक्षिणेकडच्या नामा लोकांनीही केला, जमिनी आणि गुरं हिसकावून घेतली होती त्यांची. जर्मन फौज आली. दक्षिणेतल्या फौजेला रसद पोचवायची तर ल्युडरिट्झ बंदरातून बैलगाड्यांनी हे वाळवंट ओलांडायला लागायचं, पाणी नाही, चारा नाही, बैल वाटेतच मरायचे. म्हणून रेल्वे. १९०५ च्या शेवटी काम काढलं आणि १९०६ च्या नोव्हेंबरात आउसपर्यंत गाडी नेली सुद्धा, पुढं १९०८ पर्यंत कीटमान्सहूप. एवढ्या वाळूतून आणि एवढ्या झपाट्यानं. आबा, तुम्ही लगेच विचारणार, लेबर कुठून आणलं.

लेबर म्हणजे कैदी. ल्युडरिट्झच्या खाडीत शार्क आयलंड म्हणून खडकाळ तुकडा आहे, तिथं नामा आणि हेरेरो कैद्यांची छावणी होती, १९०५ ते १९०७. बायका आणि लहान पोरं पण त्यात होती. समुद्राचं गार वारं, अंगावर धड कपडा नाही, पोटाला नाही. नामांचा एक पुढारी कॉर्नेलियस फ्रेडरिक्स, तो १९०७ मध्ये तिथंच गेला. ह्या कैद्यांकडून लाइनचं काम करून घ्यायचे. जर्मनांच्याच कागदात आकडा आहे, जानेवारी १९०६ ते जून १९०७ ह्या काळात लाइनच्या कामावर २,०१४ कैदी लावले त्यातले १,३५९ मेले. तीनातले दोन. मी हा आकडा वाचला त्या रात्री लॉजवर मला झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्या लाइनीशेजारून गाडी चालली होती तेव्हा कुणाशी बोलावंसंही वाटेना.

आबा, तुम्ही आम्हाला लहानपणी बोरघाटाचं सांगायचा, की घाट फोडताना कॉलऱ्यानं हजारो मजूर गेले आणि त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. ते मजूर निदान मजुरीवर आलेले होते, त्यांना गरिबीनं आणलं. इथं बंदुकीनं आणलं. जर्मनीनं २०२१ साली कबूल केलं की तो वंशसंहार होता, आणि नामिबियानं २८ मे हा दिवस त्याच्या स्मरणासाठी ठरवला, २०२५ मध्ये पहिल्यांदा पाळला. आता त्या शार्क आयलंडवर लोक तंबू टाकून मुक्काम करतात, कॅम्पसाइट आहे. स्मारकाचे दगड आहेत तिथं, पण मला नाही पटलं ते, तिथं कुणी रात्री शेकोटी करून मटण भाजावं अशी ती जागाच नाही.

तर लाइन झाली. लाइन झाल्यावर खरी कटकट सुरू झाली ती वाळूची. इथं वाळूचे डोंगर जागेवर बसत नाहीत, दक्षिणेकडनं वारा सुटतो आणि चंद्रकोरीच्या आकाराच्या टेकड्या थोड्या थोड्या सरकत राहतात, आज इथं तर वर्षानं पुढं, मध्ये रूळ आले तर रुळावरून जातात. आपल्याकडे तुम्ही पावसाळ्यात कंदील आणि गाडीला इशारा द्यायचे फटाके घेऊन रात्रभर घाटात दरड बघत फिरायचा, इथल्या गँगला बारा महिने हेच काम, फावडी घ्यायची आणि रुळावरची वाळू ओढायची, सकाळी साफ केलं की संध्याकाळी परत.

ह्या कामावर ग्रासप्लाट्झ नावाच्या स्टेशनजवळ, कोलमन्स्कॉपच्या थोडं अलीकडे, ऑगस्ट श्टाउख नावाचा जर्मन माणूस लाइनचा एक पट्टा सांभाळायचा, म्हणजे आपल्याकडचे रुळांची देखभाल बघणारे पी-वे इन्स्पेक्टर साहेब धरा. त्याला दम्याचा त्रास, कोरडी हवा मानवेल म्हणून १९०७ साली इकडे आलेला. दगडांची त्याला आवड होती, त्यानं आपल्या माणसांना सांगून ठेवलेलं की वेगळा काही दगड दिसला तर आणून द्या. त्याच्या हाताखाली झकारायस लेवाला नावाचा मजूर होता. दक्षिण आफ्रिकेतल्या केपकडचा, आणि आधी किंबर्लीच्या हिऱ्याच्या खाणीत काम करून आलेला. १९०८ च्या एप्रिलमध्ये वाळू ओढता ओढता लेवालाला फावड्यापाशी एक खडा दिसला आणि त्यानं तो उचलून साहेबाला नेऊन दिला. श्टाउखनं तो खिशातल्या घड्याळाच्या काचेवर ओढून बघितला, काचेवर चरा पडला.

इथं मला थोडं माझ्या कामाचं बोलू द्या. लोक म्हणतात त्याला सापडला, नशीब. आबा, मी रोज रफ, म्हणजे पैलू न पाडलेला हिरा, बघतो, रोज. रफ हिरा चमकत नाही. दागिन्यात बघतो तसा तो अजिबात नसतो, मेणचट, तेलकट, धुरकट काचेचा तुकडा असावा असा दिसतो, आणि तिथल्या वाळूत तर गारगोटीचे लाखो पांढरे पिवळे कण असतात. आमच्याकडं नवीन पोरगं आलं की त्याला महिनोन्‌महिने डोळ्याला लूप, म्हणजे भिंग, लावून बसवतात तेव्हा कुठं नजर तयार होते. लेवाला उन्हात, वाऱ्यात, डोळ्यात वाळू जात असताना, फावडं मारत असताना ओळखतो की हा हिरा आहे. ती त्यानं किंबर्लीत मिळवलेली विद्या होती. त्याच रुळावरून कितीतरी शिकलेली माणसं, अधिकारी, शिपाई डब्यात बसून गेली असतील, कुणाला दिसला नाही.

आणि त्याला काय मिळालं? त्याला बक्षीस किंवा वाटा मिळाल्याची कुठंही नोंद नाही. श्टाउखनं गाजावाजा न करता सरकारदरबारी जमिनीचे हक्क आपल्या नावावर करून घेतले, सोन्के निस्सेन म्हणून रेल्वेतलाच एक इंजिनिअर होता त्याला भागीदार केलं, मग स्वाकोपमुंडला सरकारी भूगर्भतज्ज्ञाकडून खडा पक्का करून घेतला आणि रेल्वेची नोकरी सोडली. थोड्याच काळात तो इथला सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक झाला.

बातमी फुटल्यावर ल्युडरिट्झमध्ये झुंबड उडाली. जो तो वाळवंटात पळाला. मग त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जर्मन सरकारनं दक्षिण सरहद्दीवरच्या ऑरेंज नदीपासून वर २६ अक्षांशापर्यंत आणि समुद्रापासून आत शंभर किलोमीटर असा सगळा पट्टाच बंद करून टाकला, परवान्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. श्पेरगेबीट म्हणतात त्याला, आजही बराच भाग बंदच आहे आणि कोलमन्स्कॉप बघायला पण परमिट काढावं लागतं.

हिरे तिथं वाळूत वरच कसे पडलेले, हे पिंकीनं विचारलं होतं. खाण म्हटलं की खोल विहीर डोळ्यासमोर येते, इथं तसं नाही. हिरे मूळचे आत, दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीसारख्या भागातले. कोट्यवधी वर्षांत पावसानं ते डोंगर झिजवले, ऑरेंज नदीनं हिरे वाहून समुद्रात आणले, समुद्राच्या लाटांनी आणि प्रवाहानं ते किनाऱ्यानं उत्तरेकडं ढकलत नेले आणि मग वाऱ्यानं वाळूबरोबर परत जमिनीवर आणून टाकले. आई सुपात धान्य पाखडते ना, तसं निसर्गानं पाखडलं. ज्यांच्यात चीर होती, डाग होता ते एवढ्या प्रवासात फुटून गेले, उरले ते निर्मळ. म्हणून नामिबियाचा माल जगात एक नंबर धरतात, जवळपास सगळा दागिन्याच्या लायकीचा. आणि मोठे जड खडे नदीच्या मुखाजवळ राहिले, बारीक हलके लांब उत्तरेला ल्युडरिट्झपर्यंत गेले. हे लक्षात ठेव पिंके, पुढं ह्याच गोष्टीनं गाव मेलं.

१९०९ च्या सुरुवातीला श्टाउख एका प्रोफेसरला घेऊन दक्षिणेला पोमोनाकडं शोध घ्यायला गेला. बरोबर एक हेरेरो गडी होता, त्याला सांगितलं लाकूडफाटा बघ आणि बघता बघता हिरे पण बघ. तो गुडघ्यावर बसला आणि वाळूतून मुठीनं हिरे गोळा करायला लागला, हात भरले तेव्हा तोंडात ठेवले म्हणतात. तिथं एवढे हिरे होते की चांदण्यात दिसायचे असं सांगतात. त्या गड्याचं नाव फक्त याकोब असं सांगतात, पुढं मागं काही नाही. बघा म्हणजे, दोन्ही वेळा सापडवणारा मजूर आणि दोन्ही वेळा नाव साहेबाचं.

मग कोलमन्स्कॉप उभं राहिलं. आई, आता तुझ्या त्या घरांचं. ऐकून तुला खरं वाटणार नाही पण त्या उघड्या वाळवंटात दवाखाना होता आणि त्यात एक्स-रे मशीन, दक्षिण गोलार्धातलं पहिलं असं तिथं सांगतात. बेकरी, खाटकाचं दुकान, शाळा, पोहायचा तलाव, नाटक आणि गाण्यासाठी मोठा हॉल, युरोपातून गाणारे यायचे. बर्फाचा कारखाना होता, रोज सकाळी बारक्या रुळावरून खेचरांची गाडी गल्लीतून फिरायची आणि दारोदार बर्फाची लादी आणि लिंबू सरबत ठेवत जायची. पिण्याचं पाणी कुठून? केपटाउनहून, जहाजात भरून, हजार टन महिन्याला. आपल्या कसाऱ्याकडच्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसावं लागतं, आणि इथं एका गावासाठी आठशे-नऊशे किलोमीटरवरून समुद्रातून पाणी आणलेलं. एवढे पैसे होते. १९१२ साली ह्या भागातून दहा लाख कॅरेट माल निघाला, त्या वर्षी जगात निघालेल्या हिऱ्यांच्या ११.७ टक्के. पहिलं महायुद्ध लागेपर्यंत सहा वर्षांत एक टनाच्या आसपास हिरे. आबा, टन म्हणजे पन्नास लाख कॅरेट, आमच्याकडं एक कॅरेट हरवलं तर फॅक्टरीची दारं बंद करून सगळ्यांची झाडाझडती घेतात.

गावात तीनेकशे जर्मन मोठी माणसं, चाळीसेक पोरं आणि आठशे ओवाम्बो कामगार. हे ओवाम्बो लोक नामिबियाच्या पार उत्तरेकडून आणायचे, करारावर, घरदार सोडून. ते त्या सुंदर घरांत राहत नव्हते, त्यांच्या राहायच्या बराकी वेगळ्या आणि करार संपेपर्यंत आवाराबाहेर पडायचं नाही. सुरुवातीला तर ओळीनं वाळूवर गुडघे टेकून, पोटावर सरकत, डबा हातात घेऊन हिरे वेचायला लावायचे, त्याचे जुने फोटो आहेत. परत घरी जायची वेळ आली की आधी कोंडून ठेवून तपासायचे, हिरा गिळला असेल म्हणून एरंडेल पाजायचे. तो एक्स-रे पण नुसता मोडलेल्या हाडांसाठी नव्हता. म्युझियममध्ये चोरीच्या युक्त्या मांडल्यात, बुटाची पोकळ टाच, कबुतराच्या पायाला बांधलेली पिशवी, लोक ते बघून मजेत फोटो काढतात. मला मजा नाही वाटली. ज्याच्या जमिनीतला हिरा त्यानं एक खडा लपवला तर तो चोर, आणि ज्यानं अख्खं वाळवंट कागदावर स्वतःच्या नावानं केलं तो मालक, हे मला कितीही वेळा समजावलं तरी पटणार नाही.

कोलमन्स्कॉपपासून पोमोना आणि पुढं बोगेनफेल्सपर्यंत खाणींसाठी वेगळी नॅरोगेज लाइन पण टाकली होती. आबा, तिचा शोध घ्यायची माझी इच्छा होती पण तो सगळा बंद भाग, जाऊ देत नाहीत.

आता गाव कसं संपलं. आई, रोगराई नाही, भूकंप नाही. १९१४ मध्ये महायुद्ध लागलं आणि दक्षिण आफ्रिकेच्या फौजेनं ल्युडरिट्झ घेतलं, १९१५ मध्ये जर्मनांनी शरणागती पत्करली. धंदा थांबला. युद्धानंतर १९२० च्या सुमाराला अर्नेस्ट ओपेनहायमर ह्या दक्षिण आफ्रिकेतल्या खाणवाल्यानं जर्मन कंपन्या विकत घेऊन एक मोठी कंपनी केली. काम परत सुरू झालं, पण वरवरचा माल संपत आला होता. आणि १९२८ मध्ये खाली ऑरेंज नदीच्या मुखाजवळ जुन्या समुद्रकिनाऱ्याच्या थरांत मोठे खडे सापडले. मी वर लिहिलंय ना, मोठे नदीजवळ आणि बारीक उत्तरेला. कंपनीनं सरळ हिशोब केला. माणसं, मशिनरी सगळं हळूहळू दक्षिणेला ओरान्येमुंडला हलवलं, १९४३ मध्ये हेड ऑफिसही गेलं. मागं थोडी कुटुंबं राहिली होती, दवाखाना आणि सामानाची ने-आण होती तोवर, ती पण १९५६ पर्यंत गेली. पन्नास वर्षं सुद्धा पुरती नाहीत, गाव वसलं, श्रीमंत झालं, रिकामं झालं.

आणि घरात वाळू कशी आली, तर वाळू पहिल्यापासून येतच होती. फक्त माणसं होती तोवर रोज सकाळी ती झाडून, उचलून टाकायला गडी असायचे. झाडणारे हात गेले आणि वाळू आत आली. लोकांनी जाताना आणि नंतरही दारं-खिडक्या काढून नेल्या, मग तर मोकळंच झालं. मी एका घरात गेलो, शाळामास्तरचं घर म्हणतात त्याला, दार अर्धं गाडलेलं, वाकून आत जावं लागतं. भिंतीला निळा रंग आणि वर पट्टीनं काढलेली नक्षी अजून शाबूत, आणि खाली खोलीत छातीएवढी वाळू. दवाखान्याच्या लांब बोळात एकामागं एक दारांच्या चौकटी. १९८० नंतर डी बीअर्स ह्या हिऱ्यांच्या मोठ्या कंपनीनं काही इमारती दुरुस्त केल्यात, तो हॉल तर आज कार्यक्रम करावा इतका नीट आहे, पण बाकीची घरं तशीच सोडलीत, आणि लोक लांबून येतात ते ती वाळू बघायला.

श्टाउखचं पण सांगतो. त्यानं हिऱ्यातला पैसा बऱ्याच धंद्यांत घातला, १९३० च्या आसपासच्या जागतिक मंदीत बहुतेक सगळं बुडालं, आणि १९४७ मध्ये जर्मनीत गरिबीतच वारला. माझा त्याच्यावर राग आहे असं नाही. त्यानं काम केलं, जोखीम घेतली. पण त्याचा जन्म, मृत्यू, बायकोचं नाव, कुठल्या दऱ्यांना काय नाव दिलं, सगळं पुस्तकात आहे. लेवाला १९०८ च्या त्या एका दिवशी फावडं घेऊन दिसतो, खडा देतो आणि संपला. पुढं कुठं गेला, घरी कोण होतं, म्हातारपण कसं गेलं, मी इथल्या माणसांना विचारलं, वाचलं पण बरंच, हातात काही लागलं नाही.

लाइनचं काय झालं ते आबांना पाहिजे असणार. आउस ते ल्युडरिट्झ हा भाग १९९० नंतरच्या काळात इतका खराब झाला की गाड्या बंद कराव्या लागल्या, पुढं २००० नंतर नव्यानं बांधायला घेतला आणि ते काम वर्षानुवर्षं चाललं, कारण बांधलेल्यावर वाळू चढायची. ग्रासप्लाट्झचं स्टेशन रस्त्यावरनं दिसतं, ओसाड. आम्ही गाडी थांबवली. मी उतरून रुळापर्यंत गेलो, वाळू एका बाजूनं रुळाला लागलेली होती, पायानं थोडी सारली, हात लावला रुळाला. गार होता, वारं फार होतं. आबा, तुम्ही सुट्टीच्या दिवशी पण रूळ दिसला की वाकून फिशप्लेटचे, म्हणजे रूळ जोडणाऱ्या पट्टीचे, बोल्ट बघायचा आणि आई चिडायची, मी तेच करत होतो आणि मागून पोरं हॉर्न वाजवत होती.

परत येताना आउसच्या अलीकडे गरुब म्हणून जागा आहे, तिथं मोकळी रानटी घोडी दिसतात. त्या वाळवंटात घोडी जगली कशी, तर रेल्वेनं वाफेच्या इंजिनांना पाणी भरायला तिथं बोअर पाडलेली होती, इंजिनं गेली पण पाणी राहिलं आणि त्या पाण्यावर घोडी टिकली. युद्धात पळालेल्या-सुटलेल्या घोड्यांचे वंशज असावेत असं म्हणतात. आज त्यांच्यासाठी मुद्दाम पाणी सोडतात. तुमच्या इगतपुरीच्या जुन्या पाण्याच्या कॉलमची मला आठवण आली, तुम्ही दाखवायचा तो.

आता एक, आबा. १९९० मध्ये हा देश स्वतंत्र झाला, १९९४ पासून खाणीच्या कंपनीत निम्मा वाटा नामिबिया सरकारचा आहे आणि निम्मा डी बीअर्सचा. आता जास्त माल तर समुद्राच्या तळातून जहाजं काढतात. त्यातला काही रफ देशातच पैलू पाडायला ठेवतात, म्हणून विंडहुकला हे आमच्यासारखे कारखाने आहेत आणि म्हणून सुरत-मुंबईची आम्ही पोरं इथं आहोत, इथल्या मुला-मुलींना काम शिकवतोय. माझ्या टेबलाशेजारी ओवाम्बो मुलगी बसते, तिची नजर माझ्यापेक्षा पक्की आहे, मी खोटं नाही सांगत. तिनं सांगितलं की तिचे पणजोबा करारावर दक्षिणेला कामाला गेले होते, कुठल्या खाणीवर ते घरात कुणाला ठाऊक नाही. ती आज तोच हिरा टेबलावर लूपखाली बघते आणि महिन्याला पगार घरी नेते. कोलमन्स्कॉपहून आल्यावर मी तिला सगळे फोटो दाखवले, तिनं बराकीचे फोटो आहेत का एवढंच विचारलं. माझ्याकडं नव्हते. पुढच्या वेळी गेलो तर काढून आणेन असं कबूल केलंय.

त्यावरून डोक्यात आलं ते लिहितो. आबा, तुमच्या गँगमधले सगळे, मुकादम, कीमन, पावसाळ्यात तुमच्याबरोबर रात्री फिरायचे ते, जे ड्युटीवर गेले ते पण, त्यांची पूर्ण नावं आणि गावं तुम्हाला पाठ आहेत. पिंकीला जवळ बसवा आणि सांगा, तिनं वहीत लिहून घ्यावं. कोणत्या किलोमीटरला कोण होतं, कुठली दरड कुठल्या साली आली, सगळं. ऑफिसात मस्टर असतील पण ती रद्दीत जातात. पिंके, टाळू नकोस, आठवड्याला एक-दोन पानं झाली तरी खूप, आणि लिहिलेल्या पानांचे फोटो मला पाठवत जा म्हणजे दोन ठिकाणी राहील.

बाकी इथं थंडी चालू झालीये, सकाळी हात आखडतात. जेवणाचं ठीक चाललंय, तांदूळ आणि डाळ मिळते, गोडा मसाला संपत आलाय, कुणी येणारं असेल तर द्या. आई, गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते कळव, गोळ्या मध्येच बंद करू नकोस. आबा, कानाच्या मशीनचे पैसे ह्या महिन्यात पाठवतोय, नको नको म्हणू नका. दिवाळीला सुट्टीचा अर्ज टाकलाय, मिळाली की तिकीट काढतो.

तुमचा,
संतोष